कान तेवढा जागा

शस्त्रवैद्य शरीराचा एखादा भाग 'बधिर' करतो असे आपण मराठीत सर्रास म्हणतो, आणि म्हणताना हे विसरून जातो की हा शब्द मूळचा कानाचा आहे. बधिर म्हणजे बहिरा. गंमत अशी की ज्याला स्थानिक भूल दिली आहे त्याचे दुसरे काहीही बधिर होवो, कान मात्र होत नाही. डोळ्यांवर हिरवे कापड आलेले असते, हातपाय हलवायचे नाहीत अशी सक्त ताकीद मिळालेली असते, ज्या जागेवर शस्त्र चालले आहे ती जागा परक्याची असावी तशी झालेली असते, आणि अशा स्थितीत माणसाचा सारा जीव दोन कानांत येऊन बसतो. कात्री ताटलीत ठेवल्याचा आवाज, परिचारिकेच्या चपलांचा आवाज, डॉक्टरांनी सहायकाला हळूच सांगितलेला एखादा अर्धवट शब्द, यांतले काही म्हणता काही तो सोडत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला तेव्हा डॉक्टर मधूनच "अरे, जरा थांब" असे कोणाला तरी म्हणाले, आणि ते वाक्य माझ्यासाठी नव्हते हे कळेपर्यंत जो एक क्षण गेला तो मी अद्याप विसरलेलो नाही.

मुंबईतल्या ज्या काळाचौकीत माझे आयुष्य गेले तिथल्या जुन्या पिढीपुढे हा कानाचा विषय काढणे म्हणजे थोडी क्रूर थट्टाच. साचेखात्यात वीसवीस, तीसतीस वर्षे धोट्यांच्या खडखडाटात काढलेला कामगार भोंगा व्हायच्या आधीच गिरणीच्या दारात हजर असे, पण घरात बायकोने दोनदा हाक मारली तरी त्याला ती ऐकू जात नसे. खात्यात बोटांच्या खुणांनी व ओठांच्या हालचालींवरून बोलायची सवय झालेली असल्यामुळे चाळीच्या गॅलरीतसुद्धा तो समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघत असे. या वस्तीच्या एका अंगाला गिरण्या आणि दुसऱ्या अंगाला इस्पितळे. लालबागचा नाका मागे टाकून परळच्या दिशेने पायी निघाले की अर्ध्यापाऊण तासात १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम., त्याच्या आसपास वाडियांची दोन रुग्णालये, आणि १९४१ साली उघडलेले टाटा रुग्णालय, अशी रांगच लागते. त्यामुळे यंत्राने बोट नेले, पट्ट्याने कातडी सोलली, तर जागा बधिर करून टाके घालून घेणे हा आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. या जागेपणाला काही इतिहास असेल, आणि तो आपल्याच मुलखातून जात असेल, हे मात्र मला फार उशिरा, डोळ्यावर पट्टी असताना, सुचले.

तो इतिहास सुरू करायचा तर पुण्यापासून करावा लागतो, आणि तोही अशा काळात की जेव्हा भूल नावाची वस्तू पृथ्वीच्या पाठीवर नव्हती. टिपू सुलतानाशी इंग्रज, निजाम आणि मराठे यांचे जे युद्ध १७९२ साली संपले त्यात इंग्रजी फौजेच्या सामानाचे बैल हाकणारा कावसजी नावाचा एक इसम टिपूच्या कैदेत सापडला. नाव पारशी वाटावे असे, पण त्या वेळच्या इंग्रजी टिपणात तो मराठा, जातीने शेतकरी असल्याचे स्पष्ट नमूद आहे. टिपूने त्याचे नाक व एक हात तोडून त्याला सोडून दिले. नाक कापणे ही आपल्याकडे केवळ शरीराची इजा नव्हे, ती अब्रूची शिक्षा. हाताविना माणूस जगात वावरू शकतो, नाकाविना त्याला तोंड दाखवणे कठीण. सुमारे वर्षभर कावसजी तसाच राहिला. कंपनी सरकारने त्याला तनखा बांधून दिला होता, परंतु तनख्याने नाक येत नाही. शेवटी पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या कुंभाराने, ज्याच्या घराण्यात ही विद्या चालत आली होती, १७९३ च्या मार्चच्या सुमारास त्याला नवे नाक करून दिले.

ही शस्त्रक्रिया कशी करतात ते मुंबई इलाख्याच्या नोकरीतील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिले होते, आणि त्यामुळे तिचा तपशील आपल्याला पायरीपायरीने उपलब्ध आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवून त्याला सुबक नाकाचा आकार द्यायचा. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. त्या रेघेच्या आतली कपाळाची कातडी सोडवून घ्यायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी मात्र न तोडता राखायची, कारण जुन्या व नव्या मांसाचा सांधा जुळेपर्यंत रक्त त्याच वाटेने येणार. नंतर जुन्या नाकाचा व्रण खरवडून ताजा करायचा, नाकपुड्यांच्या कडेने व वरच्या ओठावरून एक चीर घ्यायची, कपाळावरची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिची कड त्या चिरेत बसवायची. वरून पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना फासून त्या पाचसहा पट्ट्या एकीवर एक चिकटवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी. पाचसहा दिवस रोग्याने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे. आणि सांधा जुळला की भुवयांमधली ती पट्टी तोडून टाकायची.

विटा थापणाऱ्याच्या हाताला मातीचा आकार कळतो, कातडीचाही कळला, यात मला नवल वाटत नाही. नवल वाटते ते कावसजीचे. क्लोरोफॉर्मचा गुण जगाला कळायला अद्याप चोपन्न वर्षांचा अवकाश होता. सुश्रुताने शस्त्रकर्मापूर्वी रोग्याला तीक्ष्ण मद्य द्यावे असे सांगितले आहे, पण मद्याने माणूस बेफिकीर होतो, बधिर होत नाही. म्हणजे आपल्याच कपाळावर मेणाचा नकाशा ठेवला जात आहे, त्याची सीमा आखली जात आहे, आणि त्या सीमेवरून आता पाते फिरणार आहे, हे सर्व जाणत असलेला एक माणूस स्वतःच्या पायांनी त्या कुंभाराच्या दारात गेला होता. टिपूच्या छावणीत त्याच्या चेहऱ्यावर शस्त्र चालले तेव्हाही तो जागाच होता. त्या वेळी कोणी त्याला विचारले नव्हते. या वेळी मागणी त्याची होती.

१७९४ च्या जानेवारीत, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जेम्स वेल्स नावाच्या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. त्यावरून कोरलेली प्रतिमा व वृत्तांत त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापला गेला. आणि तो वाचून, मुडद्यांवर सराव करून, जोसेफ कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये ही क्रिया करून दाखवली. आज प्लास्टिक सर्जरीच्या कोणत्याही ग्रंथात या प्रकरणाचा उल्लेख असतो. पाहणाऱ्या साहेबांची नावे आहेत, चितारी, रोगी, अनुकरण करणारा, सर्वांची नावे आहेत. ज्याने हात चालवला त्या कुंभाराचे नाव तेवढे कोणी दप्तरी लावले नाही.

नंतर झोपेचे युग आले. १८४६ च्या ऑक्टोबरात बोस्टनला ईथर, १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोला क्लोरोफॉर्म. आणि वर्षभराच्या आत ही दोन्ही द्रव्ये जहाजांनी हिंदुस्थानात पोहोचली. एखाद्या दयाळू देवाने पृथ्वीवर उतरून वर द्यावा तसा हा प्रकार होता, त्याचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणा होईल. तरी त्या वराबरोबर एक वस्तू गेली ती ही की शस्त्रक्रियेचा मुख्य साक्षीदारच खोलीतून नाहीसा झाला. पुण्याच्या ससून रुग्णालयात १२ जानेवारी १९२४ च्या रात्री येरवड्याचा एक कैदी आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेसाठी टेबलावर होता. गांधीजींच्या जिवाचे काही बरेवाईट झाले असते तर देशभर काय उसळले असते याची सरकारला पुरेपूर कल्पना होती, म्हणून कर्नल मॅडॉक यांनी शस्त्र हाती घेण्यापूर्वी रीतसर संमतिपत्र झाले. श्रीनिवास शास्त्र्यांनी मसुदा लिहिला, कैद्याने तो वाचून घेतला, दुरुस्ती सांगितली, आणि तापाने थरथरत्या हाताने पेन्सिलीने सही केली. त्यानंतर क्लोरोफॉर्म. शस्त्रक्रिया निम्म्यावर आली असताना विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. ज्याच्या पोटावर तो कंदील धरला होता त्याला यातले काहीच कळले नाही. जे त्याला कळणे आवश्यक होते ते त्याने दिवे असताना वाचून, पेन्सिलीने मान्य केले होते.

माणसाला जागे ठेवूनही वेदना काढून घेता येते हा शोध मात्र क्लोरोफॉर्मनंतर सदतीस वर्षांनी लागला. व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने १८८४ साली कोकेनचे थेंब आधी बेडकाच्या, मग स्वतःच्या डोळ्यात टाकले आणि टाचणीने बुबुळाला स्पर्श करून पाहिला. डोळा मिटला नाही. सप्टेंबरात हायडेलबर्गच्या परिषदेत हा निबंध दुसऱ्यानेच वाचून दाखवला, कारण कोलरपाशी तिथवर जाण्याइतके पैसे नव्हते. पुढे १८९८ च्या ऑगस्टात कील येथे ऑगस्ट बिअर व त्यांचा सहायक हिल्डब्रांट यांनी मणक्यातल्या भुलीची परीक्षा एकमेकांवर करायचे ठरवले, आणि त्या संध्याकाळी गुरूने शिष्याच्या नडगीवर लोखंडी हातोडा मारला, त्याच्या कातडीला पेटती सिगार लावली, आणि शिष्य शांतपणे "काही नाही" म्हणत राहिला. रात्री दोघांनी मद्य पिऊन विजय साजरा केला; त्यानंतरचे कित्येक दिवस डोकेदुखीत गेले. कोकेनचे व्यसन व विषबाधा यांवर उतारा म्हणून १९०४-०५ च्या सुमारास नोव्होकेन आले, आणि १९४३ मध्ये स्वीडनच्या लॉफग्रेन यांनी सिद्ध केलेले लिग्नोकेन १९४८ पासून बाजारात मिळू लागले. तेच झायलोकेन. आमच्या वस्तीत दाताच्या डॉक्टरपासून टाके घालणाऱ्या कंपाउंडरपर्यंत सर्वांच्या तोंडी हे नाव होते, आणि ज्याला स्वतःच्या गावाच्या तालुक्याचे नाव धड सांगता येत नसे तोही "झायलोकेन टोचलं" असे ठसक्यात सांगे.

या स्वस्त, खात्रीच्या, दोन मिनिटांत लागू पडणाऱ्या द्रवाने गिरणगावाच्या आयुष्यात जो सर्वांत मोठा प्रवेश केला तो अपघाताच्या वाटेने नव्हे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले तेव्हा त्यांच्या वाट्याला निंदा, खटले आणि गेलेली नोकरी आली. शकुंतलाबाई परांजपे यांनी १९३८ पासून पुण्यात तेच काम चालवले तेव्हा लोक निदान ऐकून घेऊ लागले होते. आणि १९६० चे दशक संपेपर्यंत, ज्या गोष्टीचा उच्चार पूर्वी असभ्य समजला जाई ती सरकारी धोरण होऊन भिंतीभिंतीवर लाल त्रिकोणाच्या रूपाने झळकू लागली. पुरुषाची नसबंदी ही त्या धोरणाची लाडकी शस्त्रक्रिया ठरली, आणि तिचे कारण सर्वस्वी स्थानिक भुलीत होते. वृषणाच्या वरच्या कातडीत दोन्ही बाजूंना थोडे लिग्नोकेन टोचायचे, लहानशी चीर घेऊन वीर्यवाहिनी दोऱ्यासारखी बाहेर ओढायची, तिचा तुकडा कापून टोके बांधायची, की काम संपले. दहापंधरा मिनिटे. झोपवायला डॉक्टर नको, रात्रभर खाट नको, उपाशीपोटी यायला नको. रोगी आपल्या पायांनी येतो आणि आपल्या पायांनी जातो.

ज्याला टेबलही जवळजवळ नको अशी शस्त्रक्रिया रुग्णालयात तरी का करायची, हा प्रश्न मुंबई महापालिकेच्या कुटुंबनियोजन विभागाचे प्रमुख डॉ. डी. एन. पै यांना पडला. मुंबईचा माणूस दवाखान्यात वर्षातून एकदा जात असेल, रेल्वे स्थानकावर दिवसातून दोनदा जातो. तेव्हा १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गर्दीच्या स्थानकांवरच नसबंदीची केंद्रे उघडली गेली, आणि जगभरच्या वार्ताहरांना लिहायला एक विषय मिळाला. एका अंगाला पिवळी पडलेली वेळापत्रके, दुसऱ्या अंगाला चहाचा स्टॉल, आणि मध्ये पडद्याआड हा सोहळा. लोकल निघून गेली तर पुढची येईपर्यंत काय करावे या विवंचनेतल्या माणसाला प्रेरक गाठत. प्रेरकाला माणसामागे पैसे, माणसाला मजुरी बुडाल्याची भरपाई.

जागेपणाच्या दृष्टीने ही शस्त्रक्रिया फार चमत्कारिक आहे. सुईचा पहिला दंश कळतो. नंतर कातडी कापली जाते ते कळत नाही. पण नस ओढली जाते तेव्हा ओटीपोटात खोलवर एक ओढ जाणवते, तिला वेदना म्हणवत नाही आणि काहीच नाही असेही म्हणवत नाही. ज्याचे ओझे उचलण्यावर पोट आहे, ज्याला रातपाळीला उभे राहायचे आहे, त्याच्या मनात त्या ओढीसरशी एकच शंका येते: आपले बळ तर हे लोक ओढून नेत नाहीत ना? त्या शंकेला उत्तर एका वाक्यात देता येण्याजोगे होते. बळ जात नाही, पौरुष जात नाही, मात्र आधीचे बीज नळीत उरलेले असल्यामुळे सुमारे तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते. पण हे वाक्य जाग्या माणसाला सांगावे लागते, आणि साचेखात्यातल्या माणसाला तर मोठ्याने, तोंडासमोर तोंड धरून. डोळ्यांपुढे कापड आडवे आले की ओठ दिसत नाहीत. ज्याचा कान गिरणीने आधीच नेला होता अशा माणसाला झायलोकेन टोचले की तो खरोखरच, शब्दाच्या दोन्ही अर्थांनी, बधिर होई. तीन महिन्यांची ती सूचना किती जणांच्या कानांवर पडली नसेल, आणि त्यानंतर दिवस गेलेल्या किती बायकांनी उगाच किती बोलणी खाल्ली असतील, याची नोंद कोणत्याही अहवालात होण्यासारखी नाही.

तरीही १९७५ पर्यंत ज्याला यायचे तो येत होता. आणीबाणीत ते बदलले. एप्रिल १९७६ च्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणाने भरपाईचे दर अपत्यांच्या संख्येप्रमाणे ठरवले: दोन किंवा कमी मुले असलेल्यास १५० रुपये, तीन असलेल्यास १००, चार किंवा जास्त असलेल्यास ७०. खाली मात्र हिशेब रुपयांत नव्हे, माणसांत चालला होता. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांना ठरावीक 'केसेस' आणण्याचा हुकूम, न आणल्यास पगार अडकण्याची भीती. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९७६ च्या जानेवारीत तर बाजाराला व कामाला आलेल्या खेडुतांना गाडीत घालून नेल्याचे प्रकार घडले. महाराष्ट्राचे त्या १९७६-७७ सालचे उद्दिष्ट ५,६२,००० शस्त्रक्रियांचे होते. झाल्या सुमारे ८,३३,०००. देशभरात त्या एका वर्षात पुरुषांच्या नसबंदीचा आकडा ६२ लाखांच्या घरात गेला. स्थानकावरची केंद्रे उघडणारे डॉ. पै सक्तीच्या कायद्याचे उघड समर्थक बनले होते. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, आणि नेमक्या अशाच माणसांची मला अधिक भीती वाटते.

शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राच्या विधिमंडळाने असे विधेयक मंजूरही केले. तीन हयात अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची, आणि न करणाऱ्यास शिक्षेची तरतूद. हिंदुस्थानात दुसऱ्या कोणत्याही राज्याची मजल इथवर गेली नव्हती. ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीस गेले आणि तिथेच राहिले. लोकांची संमती अनावश्यक ठरवणारा कायदा संमती न मिळाल्यामुळे मेला, याला योगायोग म्हणावे की काव्य, हे वाचकांनी ठरवावे.

या सक्तीतल्या शस्त्रक्रियाही सर्वस्वी जागेपणीच झाल्या. क्लोरोफॉर्म देऊन कोणाला बेसावध केले असते तर निदान त्याची स्मृती तरी त्याला नसती. इथे लिग्नोकेनने वेदना चोख काढली. टेबलावरच्या माणसाला काही दुखले नाही, आणि गाडीचा आवाज, यादीतले आपले नाव, पुढच्याला उठवून "चल, तू ये" म्हणणारा स्वर, हे सारे त्याने ऐकले. संमतिपत्रे होती, फॉर्म छापील होते आणि अंगठे निळे होते. कावसजीजवळ भूल नव्हती, कागद नव्हता, आणि तरी तो कुंभाराच्या दारात स्वतः गेला होता.

बांधलेली नस पुन्हा जोडण्याची विद्याही मुंबईतच वाढीस लागली होती. शस्त्रवैद्य डॉ. जी. एम. फडके यांनी या कामावरचा आपला अनुभव १९६७ मध्येच प्रसिद्ध केला होता; पण ती शस्त्रक्रिया नाजूक, वेळखाऊ, आणि दहा मिनिटांत कापलेले दर वेळी जुळतेच असे नाही. मार्च १९७७ मध्ये मतदारांनी आपला हिशेब चुकता केला. पुढच्या वर्षी देशातल्या पुरुषांच्या नसबंदीचा आकडा ६२ लाखांवरून दोन लाखांच्याही खाली आला, आणि पुन्हा कधी नीट वर चढला नाही. सरकारने पुरुषांचा नाद सोडला.

मग बायकांच्या नसबंदीसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली, बेंबीजवळ छोटीशी चीर, तीही बहुधा जागा बधिर करूनच. आणि शाळांच्या वर्गांत, बाके भिंतीला लावून, सतरंज्यांवर रांगेने बायका निजू लागल्या. त्यांचे कान तयार होते. साचेखाते त्यांनी पाहिले नव्हते. पलीकडच्या खोलीत कोणाचे मूल रडते आहे, आपले की दुसऱ्याचे, हे पोटावर शस्त्र चालू असताना त्या नेमके ओळखत होत्या.